बांधील कोण?

आमच्या वाचनालयातले संगणक जुने आहेत. विंडोज 10 च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबल्या आणि विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप या यंत्रांत नाही. यंत्रं चालतात, तरी ती भंगारात काढायची का, असा प्रश्न कार्यकारिणीपुढे आला. मी म्हटलं, डेबियन बसवा. माझे मामा कार्यकारिणीवर आहेत. त्यांची सगळी नोकरी सहकारी बँकेच्या संगणक विभागात गेली. मी सर्व्हर सांभाळण्याची नोकरी करते आणि तिथे रोज डेबियनच वापरते. त्यामुळे खरा वाद आम्हा दोघांतच झाला. मामांचे प्रश्न अनेक शाळांचे, ग्रंथालयांचे आणि कार्यालयांचे आहेत, म्हणून तो वाद इथे मांडते आहे.

मामा : फुकट आहे म्हणून मी नको म्हणत नाही, हे आधी लक्षात घे. मला एवढंच सांग, हे डेबियन कोणाचं?

मी : कुठल्या कंपनीचं नाही. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने 16 ऑगस्ट 1993 ला घोषणा केली, की लिनक्सवर आधारित एक संपूर्ण प्रणाली आपण सगळ्यांसमोर, सगळ्यांना सोबत घेऊन बांधू. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, यावरून नाव डेबियन. इयन 2015 मध्ये गेला, पण त्याच्या कितीतरी आधी काम इतरांच्या हातात गेलं होतं. आज मतदानाचा अधिकार असलेले सुमारे हजार डेव्हलपर जगभर आहेत, आणि त्यांच्याशिवाय भाषांतर करणारे, बग कळवणारे, माहिती लिहिणारे कितीतरी. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत जवळजवळ सत्तर हजार पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार करून ठेवलेले प्रोग्राम, आहेत.

मामा : आणि डेबियन या हजारांतल्या कोणालाही पगार देत नाही.

मी : नाही. काहींना त्यांच्या कंपन्या या कामासाठी वेळ देतात, पण डेबियन स्वतः नेमणूक करत नाही.

मामा : मग हे गणेश मंडळासारखं झालं. दहा दिवस पोरं रात्र रात्र जागतात, आणि अकराव्या दिवशी मांडव सोडायला माणूस मिळत नाही. वाचनालय वर्षाचे बाराही महिने चालतं, अगं. बँकेत असताना एकतीस मार्चच्या रात्री सर्व्हर बंद पडला, तर माझ्याकडे एक फोन नंबर असायचा. एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभालीचा, करार असायचा. माणूस आला नाही तर दंड लावता यायचा. इथे मी कोणाला फोन करू?

मी : हौसेवर चालत असतं तर बत्तीस वर्षं टिकलं नसतं, मामा. तिथे लेखी नियम आहेत. 1997 मध्ये ब्रूस पेरेन्सच्या पुढाकाराने सगळ्यांनी चर्चा करून एक सामाजिक करार मंजूर केला. डेबियन मुक्त राहील, आणि जे सुधारलं ते मूळ लेखकांकडेही परत जाईल. उणिवा लपवल्या जाणार नाहीत आणि बगची नोंदवही जगाला उघडी राहील. वापरणाऱ्यांचं आणि मुक्त सॉफ्टवेअरचं हित सगळ्यात आधी येईल. त्याच करारात मुक्त कशाला म्हणायचं याचे निकष आहेत, आणि 1998 मध्ये ओपन सोर्सची जी व्याख्या जगाने स्वीकारली ती त्याच निकषांवरून घेतली. मग प्रकल्पाची लेखी घटना आली. दरवर्षी प्रकल्पप्रमुखाची निवडणूक होते. मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात, आणि मतपत्रिकेवर ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय कायम असतो.

मामांना कागद दाखवला की ते वाचतात. त्यांनी घटनेची प्रत मागून घेतली, चष्मा लावून सावकाश वाचली आणि सुरुवातीच्या एका कलमावर बोट ठेवलं. डेबियनच्या वतीने कोणतंही काम करण्याचं बंधन ही घटना कोणावरही घालत नाही, असं ते कलम सांगतं. ज्याला नेमून दिलेलं काम करायचं नाही, त्याने ते करू नये. त्याने फक्त नियमांच्या आणि ठरलेल्या निर्णयांच्या विरोधात जाऊन काम करायचं नाही.

मामा : घ्या. तुझ्या घटनेतच लिहिलंय, कोणी बांधील नाही. आमच्या बँकेच्या पोटनियमांत असं कलम असतं तर निबंधकांनी संचालक मंडळच बरखास्त केलं असतं.

मामांचा सगळा आक्षेप या एका कलमात येतो, आणि तो खरा आहे. मला जे सांगायचं होतं तेही याच कलमापाशी सुरू होतं. डेबियनने माणसाला बांधून घातलं नाही, कारण विनापगार माणसाला बांधता येत नाही. बांधील ठेवलं ते पॅकेजला.

मी : एखादं पॅकेज आपल्या यंत्रापर्यंत कसं येतं, ते ऐका. समजा कोणीतरी ग्रंथालयाच्या कामाचा नवा प्रोग्राम डेबियनमध्ये आणायचं ठरवलं. नवखा असेल तर त्याचं काम आधी एक जुना डेव्हलपर तपासतो आणि स्वतःच्या सहीने पुढे पाठवतो. पॅकेज नवं असेल तर ते एका रांगेत थांबतं. तिथे फाइल फाइल उघडून पाहतात, परवाना कोणता, नकलेचा हक्क कोणाचा. त्यातून सुटलं की ते अस्थिर शाखेत जातं. तिचं नाव सिड. आवृत्त्यांची नावं ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या पात्रांवरून ठेवतात, कारण पेरेन्स तेव्हा पिक्सारमध्ये होता, आणि त्या चित्रपटात खेळणी मोडणारा मुलगा म्हणजे सिड. अस्थिर शाखेत काही दिवस कोणी गंभीर बग नोंदवला नाही, आपोआप होणाऱ्या चाचण्या पार पडल्या, दुसऱ्या कशाची मोडतोड झाली नाही, तरच ते पॅकेज चाचणी शाखेत सरकतं. साधारण दोन वर्षांनी चाचणी शाखा गोठवतात. त्यानंतर नवी सोय घालायची नाही, फक्त दुरुस्त्या. मग तिची स्थिर आवृत्ती होते.

मामा : आणि मधेच तो माणूस कंटाळला तर?

मी : तर गंभीर बग तसाच पडून राहतो, आणि ठरावीक मुदतीत दुरुस्त झाला नाही तर ते पॅकेज चाचणी शाखेतून आपोआप बाहेर पडतं. कोणाची ओळख चालत नाही, कोणाचा फोन चालत नाही. मधल्या काळात दुसरा कोणीही डेव्हलपर दुरुस्ती करून पाठवू शकतो. त्याचीही रीत आहे, आधी सूचना द्यायची आणि मूळ माणसाला काही दिवस द्यायचे. ज्याला वेळ नाही तो स्वतःहून पॅकेज अनाथ म्हणून जाहीर करतो, म्हणजे दुसरा दत्तक घेईल. न सांगता गायब झालेल्यांना शोधणारी वेगळी तुकडी आहे. ती आधी पत्र लिहून विचारते, तब्येत बरी आहे ना, काम झेपतंय ना. तुमच्या एएमसीवाल्या कंपनीत माणूस नोकरी सोडून गेला, की तुम्हाला कधी कळायचं?

मामा : बंद पडल्यावर.

मी : इथे आधी कळतं. नोंद उघड्यावर आहे.

मामा : पण समजा, आपल्याला हवं तेच पॅकेज बाहेर पडलं?

मी : तर आपल्याला पर्याय शोधावा लागेल. तो खर्च आहे, मी नाकारत नाही. दुसरा खर्च वाट पाहण्याचा. वुडी ही आवृत्ती जुलै 2002 मध्ये आली आणि पुढची सार्ज थेट जून 2005 मध्ये. तयार होईल तेव्हाच देऊ, हा बाणा. तेवढ्यात 2004 मध्ये उबुंटू आलं, डेबियनवरच उभं राहून, दर सहा महिन्यांनी आवृत्ती देण्याच्या वचनासह. त्यानंतर डेबियनलाही शिस्त लागली. 2005 पासून प्रत्येक आवृत्ती विषम वर्षातच आली आहे.

मामा थोडे गप्प झाले. माझ्याकडच्या चुकांची यादी मी स्वतःहून मांडते का, हे ते पाहत होते, असं मला वाटतं. मी मांडली. ज्याला ही प्रणाली दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आहे, त्याने ती मांडलीच पाहिजे.

मी : 2006 मध्ये पॅकेज सांभाळणाऱ्या डेबियनच्या एका मेंटेनरने ओपनएसएसएल या गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या साधनाच्या कोडमधल्या दोन ओळी काढल्या. त्या ओळींमुळे तपासणीचं साधन सारखे इशारे देत होतं. परिणाम असा झाला, की गुप्त किल्ल्या बनवताना लागणारा यादृच्छिकपणा जवळजवळ संपला. प्रत्येक प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्या फक्त 32,768 उरल्या. साधा संगणकही त्या सगळ्या बनवून बसेल. मे 2008 मध्ये लुसियानो बेल्लो या डेबियन डेव्हलपरने ते शोधलं. तोपर्यंत जवळजवळ दोन वर्षं गेली होती. जगभरच्या सर्व्हरवरच्या किल्ल्या फेकून नव्या कराव्या लागल्या, उबुंटूवरच्यासुद्धा.

मामा : दोन वर्षं! आणि उघडा कोड सगळे वाचतात म्हणे.

मी : वाचू शकतात, मामा. वाचतातच असं नाही. त्या प्रकरणाने हे शिकवलं. पण कोणती ओळ, कोणत्या तारखेला, का काढली, हे आजही कोणालाही पाहता येतं. खराब किल्ल्यांची यादी आणि त्या ओळखणारं साधन डेबियननेच वाटलं. बंद सॉफ्टवेअरमध्ये अशी चूक झाली तर मला एका ओळीचं निवेदन मिळतं.

मामा : आणि मध्यंतरी ते एक्सझेड प्रकरण झालं, ते? पेपरात आलं होतं.

हे प्रकरण मला स्वतःला जास्त लागलं. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करण्याचं साधन, आणि ते बरीच वर्षं मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकला होता आणि तसं त्याने लिहिलंही होतं. ‘जिया टॅन’ नाव घेतलेल्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ चांगलं काम करून त्याचा विश्वास मिळवला, सूत्रं हातात घेतली आणि 2024 च्या सुरुवातीला 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. डेबियनचीही एक जागा यात कच्ची होती. दुरून सर्व्हरमध्ये शिरायला वापरतात तो मूळ एसएसएच सर्व्हर एक्सझेडला हात लावत नाही. डेबियन आणि इतर काही वितरणांनी सोयीसाठी त्यात एक जोड दिली होती, आणि तिच्या वाटेने एक्सझेड आत पोचत होतं. 29 मार्च 2024 रोजी आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरने हे उघड केलं. तो डेबियनच्या अस्थिर शाखेवर काम करत होता. एसएसएचने आत शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्याला खटकलं होतं. स्थिर आवृत्तीत तो चोरदरवाजा पोचलाच नाही.

मामा : हा फ्रॉइंड कुठे नोकरीला होता?

मी : मायक्रोसॉफ्टमध्ये.

मामा : म्हणजे शेवटी वाचवलं ते पगारी माणसानेच.

मी : हो, पगारी माणसाने. पण त्याला कोड उघडून शेवटपर्यंत जाता आलं म्हणून. सगळे दरवाजे बंद असते, तर त्या अर्ध्या सेकंदाचं कारण त्याला कळलं नसतं.

मामा : मी तुझ्या उघड्या दाराला नाव ठेवत नाहीये. माझं म्हणणं, तो एकटा माणूस थकला होता, आणि त्याचं साधन अर्धं जग वापरत होतं. त्याला कोणी महिन्याला चार पैसे दिले असते, सोबतीला एक माणूस दिला असता, तर चोराला ती जागा मिळाली असती का? तुमच्यात सगळं आहे, माणसाची काळजी घेणारं खातं नाही.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. डेबियनने पैशाचा प्रयोग करून पाहिलेला आहे, तो मी त्यांना सांगितला. 2006 मध्ये एच ही आवृत्ती डिसेंबरात वेळेवर निघावी, म्हणून तेव्हाच्या प्रकल्पप्रमुखासह काही जणांनी ‘डंक-टँक’ नावाने पैसे गोळा केले आणि आवृत्तीची जुळवाजुळव करणाऱ्या दोघांना एकेक महिना पूर्णवेळ कामाचा मोबदला द्यायचं ठरवलं. त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. दोघांना पैसे आणि बाकीच्या शेकडोंना नाही, हे अनेकांना सहन झालं नाही. काहींनी कामच कमी केलं. एच आली एप्रिल 2007 मध्ये.

मामा : पैसे वाईट नव्हते. वाटणी चुकली.

मी : शिकले त्यातून. 2014 पासून जुन्या आवृत्त्यांच्या दीर्घ मुदतीच्या सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी कंपन्या पैसे देतात. पहिली तीन वर्षं डेबियनची सुरक्षा-तुकडी सांभाळते, पुढची दोन हे मोबदला घेणारे लोक. मुख्य कामात कोणाला पगार नाही. जे कंटाळवाणं आहे, जुनं आहे, जे हौसेने कोणी करणार नाही, तिथे पैसे आहेत.

मामा : हे मला पटलं. पाच वर्षं म्हणजे आपल्या संगणकांचं उरलेलं आयुष्य. बरं, तुझ्या त्या हजारांत एखादा चोर शिरला तर?

मी : आत यायला महिने लागतात. आधी दिसेल असं काम करावं लागतं. प्रत्यक्ष भेटून ओळखपत्र दाखवून आपली डिजिटल किल्ली दुसऱ्या डेव्हलपरकडून सही करून घ्यायची. मग नियमांची आणि कामाची लांबलचक तपासणी. आपल्या संगणकावर पॅकेजं बसवणारा ॲप्ट हा प्रोग्राम प्रत्येक पॅकेज घेताना सही आणि चेकसम जुळतात का, ते पाहतो. आणि 2013 पासून डेबियनमध्ये आणखी एक मोठं काम चालू आहे. त्याच सोर्समधून कोणीही, कुठेही पॅकेज बनवलं तरी शेवटच्या बिटापर्यंत तेच निघायला हवं. फाइलीत पडणारी तारीख, फाइलींचा क्रम, फोल्डरचं नाव, असल्या बारीक गोष्टींनी फरक पडतो. एकेक शोधून काढाव्या लागतात. हे साधलं की बनवणाऱ्या यंत्रावरही आंधळा विश्वास ठेवावा लागत नाही.

इथे मला थांबवेना. डेबियनमधलं मला सगळ्यात प्रिय काम हेच आहे. यात कौतुक नाही, दिसण्यासारखं काही नाही. हजारो पॅकेजांमधली एकेक तारीख काढत बसणारी माणसं, आणि ती एकमेकांच्या कामाची पडताळणी सोपी व्हावी म्हणून राबतात.

मामा : ते ठीक. पण वाचनालयात येणाऱ्या आजींना तुझ्या बिटांचं काय? मराठी चालेल का?

मी : बसवतानाच भाषा म्हणून मराठी निवडता येते, फक्त चित्ररूप पडद्यावरून, साध्या अक्षरी पडद्यावरून नाही. लोहित देवनागरी फॉन्ट आहे आणि मराठी वळणाचे ल आणि श मिळतात. इनस्क्रिप्ट कळपाट आहे. अडचण जुन्या नोटिसांची. त्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केल्या आहेत. त्या युनिकोडमध्ये बदलाव्या लागतील, आणि ते काम कोणालातरी बसून करावं लागेल. वायफायसाठी लागणारं, मुक्त नसलेलं फर्मवेअर पूर्वी वेगळं शोधावं लागायचं. 2022 मध्ये मतदान घेऊन ते अधिकृत सीडीतच घ्यायचं ठरलं आणि बाराव्या आवृत्तीपासून आलं. तत्त्वाला थोडी मुरड घातली त्यांनी. मला तो निर्णय बरोबर वाटतो. ज्याचं वायफायच चालत नाही, त्याला स्वातंत्र्य कसं पोचवणार? पुस्तकांच्या नोंदीसाठी कोहा आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय-न्यासासाठी बनलेलं, 2000 च्या सुरुवातीपासून वापरात. तेही मुक्त आहे आणि डेबियनवर बसतं.

मामा : सगळ्या संगणकांवर बसेल ना?

मी : कोपऱ्यातला सगळ्यात जुना 32 बिटांचा आहे. तेराव्या आवृत्तीपासून तशा यंत्रावर नव्याने बसवता येत नाही. तो गेला.

मामा : बरं झालं आधी सांगितलंस. आता माझं ऐक. बसवा डेबियन. पण करारावर सही करणारा एक माणूस मला हवाच. गावातला तो हार्डवेअर दुरुस्त करणारा मुलगा आहे ना, त्याला तू शिकव. आपण वार्षिक ठराव करून त्याला पैसे देऊ. लायसन्सचे पैसे वाचतात ते त्याला जाऊ देत. घटनेत कोणी बांधील नसेल, तर आपल्या गावात एक जण बांधील असू दे.

मी : त्याला कोणाची परवानगी लागत नाही, मामा. पैसे घेऊन सेवा देणाऱ्याला अडवायचं नाही, हा परवान्यांचा निकषच आहे. आणि विकतच्या सॉफ्टवेअरच्या परवान्यांतही नुकसानीची जबाबदारी कंपन्या आधीच झटकून टाकतात, तुम्ही सह्या केल्या आहेत तशांवर.

मामा : केल्यात. म्हणूनच माणूस हवा म्हणतोय. कागद पुरत नाही.

कागदापेक्षा उघडी नोंद मोलाची, असं मी म्हणते. उघड्या नोंदीपेक्षा समोर उभा राहणारा माणूस मोलाचा, असं ते म्हणतात. यावर आमचं एकमत झालं नाही. ठराव मात्र झाला, आणि त्यात मामांच्या आग्रहाने आणखी एक ओळ आली : वाचलेल्या रकमेतला काही भाग दरवर्षी मुक्त सॉफ्टवेअरच्या कामासाठी पाठवावा.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने सरकारी वापरासाठी जी ‘बॉस’ प्रणाली बनवली, तीही डेबियनवरच उभी आहे. म्हणजे आपल्यातल्या अनेकांच्या टेबलावर हे काम आधीच पोचलेलं आहे. तुमच्या शाळेत, कार्यालयात, ग्रंथालयात डेबियन किंवा त्यावर उभं असलेलं काही चालत असेल, तर दोन गोष्टी करा. ते सांभाळणाऱ्या स्थानिक माणसाला रीतसर मोबदला द्या. आणि जिथे मराठी शब्द चुकला आहे, अक्षर तुटतं आहे, छपाई अडते आहे, तिथे बग नोंदवा. त्यासाठी सभासद व्हावं लागत नाही. एक ईमेल पुरतो, आणि ती नोंद कायम उघडी राहते.